चिखल्या जातात आणि पुन्हा येतात, काय करू?

नमस्कार मंडळी,

दर पावसाळ्यात होणाऱ्या चिखल्या यंदा दिवाळी उलटली तरी हटत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फुगते, सोलली की खाली लालभडक. सकाळी साडेसातला चढवलेले बूट रात्री आठला निघतात. मोजे काढले की जी खाज सुटते, ती विचारू नका.

आई कोकणातली, लावणीच्या दिवसांत चिखल्यांवर मेंदी थापणारी. तिने मलाही थापली. बोटं रंगली, खाज तशीच. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तीन दिवसांत आराम! पण बंद केली की आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. आता तिसरी ट्यूब चालू आहे आणि चट्टा पावलावर पसरलाय. खोक्यावर क्लोट्रिमाझोलच्या जोडीला बेक्लोमेथासोन लिहिलंय. हे काय असतं? वडिलांना शुगर आहे आणि न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं सगळ्यांचं एकच, म्हणून जास्त काळजी.

प्रतिसाद १:
क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं औषध, बेक्लोमेथासोन म्हणजे स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. आता मनाने चौथी ट्यूब आणू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, जाताना हीच ट्यूब न्या. ते पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एरवी बेचक्यातल्या साध्या बुरशीला नुसतं क्लोट्रिमाझोल पुरतं, पण दिसेनासं झाल्यावरही 2 आठवडे लावावं लागतं. आपण सगळे तिथेच चुकतो. तुमचं पसरलंय, कदाचित गोळ्याही लागतील.

प्रतिसाद २:
वडिलांची बोटं आजच उजेडात बघा. शुगरमध्ये पायाला दुखलेलं कळत नाही आणि बेचक्यात भेग पडली तर तिच्यातून जंतू आत शिरतात. पाय सुजला, गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. पायपुसणं वेगळं करा. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, बेचकं पुसून कोरडं करा. आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी! नाहीतर पायाची बुरशी जांघेत जाते, तिथला गजकर्ण म्हणजे बऱ्याचदा हीच.

धागाकर्ता:
वडिलांच्या डाव्या पायाला एक भेग आहे, त्यांना पत्ताच नव्हता. उद्या दोघंही जातोय. मोज्यांचं वाचून आधी हसलो, मग आठवलं, जांघेतही आठवडाभर खाजतंय.