क्विलाजा, क्विलाया की कियाय?

पुण्यात सीरममध्ये तयार होणाऱ्या आर२१ या मलेरियाच्या लशीवर लिहितोय. तिची ताकद वाढवणारा मॅट्रिक्स-एम हा घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीपासून काढतात. त्या झाडाला मी 'क्विलाजा' लिहिलंय. बरोबर आहे ना? की सरळ 'चिलीचा रिठा' म्हणू?

— 'जा' नको. हे नाव मोलिना यांनी १७८२ साली दिलं. गृहस्थ जन्माने चिलीचे, जेझुइट पाद्री. स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलल्यावर ते इटलीत बोलोन्याला जाऊन राहिले आणि पुस्तकही इटालियनमध्ये लिहिलं. त्या काळच्या इटालियन लिखाणात दोन स्वरांमधला 'जे' म्हणजे 'य'. म्हणून क्विलाया. आपण रोमन अक्षर दिसलं की इंग्रजीच वाचतो, दुसरं काय! चिलीत मात्र 'कियाय' म्हणतात. मूळ शब्द मापुचे लोकांच्या भाषेतला.

— रिठा म्हणू नका हो. रिठा हे फळ, शिकेकाई ही शेंग, आणि इथे कामाची ती साल. फेस तिन्हींचा सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्यामुळेच येतो, पण रिठा म्हटलं की वाचकाला सोनाराकडचं दागिने धुवायचं पाणीच आठवणार. झाडंही वेगळ्या कुळांतली. गंमत एवढीच की दोघांच्या लॅटिन नावांत साबण आहे. कियायचं 'सापोनारिया', रिठ्याचं 'सापिंडस', म्हणजे हिंदुस्थानी साबण. आणि आपला साबण, अरबी साबून, लॅटिन सापो हे तिघे एकाच घरचे.

— 'साबणसाल' कसं वाटतं?

— सालीला चालेल, झाडाला नाही. ते मध्य चिलीतल्या डोंगरउतारांवरचं सदाहरित झाड आहे, पाच पाकळ्यांची चांदणीसारखी पांढरट फुलं येतात, तिकडे त्या फुलांचा मधही विकतात. एवढ्या देखण्या झाडाला साबणाची वडी कशाला करता?

— नागिणीवरच्या लशीत तिची ताकद वाढवणारं क्यूएस-२१ असतं, त्यातलं क्यूएस हे याच झाडाच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं ना?

— हो, तेच.

ठरलं तर. 'चिलीतल्या कियाय (शास्त्रीय नाव क्विलाया) या झाडाच्या साबणसालीतून' असं लिहितो. ताई, रिठा खोडला.