विषय: रत्नागिरीतली मॉडिफाय केलेली सेडिया, घ्यावी का?

प्रेषक: बाळू (मेलबर्न, मूळ गुहागर)

मंडळी, नमस्कार.

गणपतीला येतोय आणि या खेपेला मुक्काम लांबणार आहे. वडिलांच्या नावावर एक गाडी घेऊन गावात ठेवावी म्हणतो. इथपर्यंत घरचे सगळे खूश आहेत. गाडी कुठली, ते अजून आईला सांगितलेलं नाही.

रत्नागिरीत २००८ ची मित्सुबिशी सेडिया विकायला आहे. पुढे इव्होचा (मित्सुबिशीच्याच रॅलीवाल्या लॅन्सर इव्होल्यूशनचा) बंपर, बॉनेटवर स्कूप, डिकीवर भलामोठा विंग, आत रोल केज (लोखंडी नळ्यांचा पिंजरा) आणि बकेट सीट, खाली कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), १८ इंची रिम. मूळचं इंजिन काढून इव्होचं ४जी६३ टर्बो बसवलंय. रंग चंदेरी होता, आता निळा आहे. मालक साडेसहा लाख मागतोय. त्याच्या यादीप्रमाणे नुसते पार्टच नऊ लाखांचे आहेत. आणि फोटो काढलेत आरे-वारेच्या वळणावर, मागे समुद्र. आता सांगा, माणसाने काय करावं?

दुसरा पर्याय म्हणजे इथली माझी जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्सच घेऊन येणं. स्टेअरिंग उजवीकडेच आहे. कुणी असं केलंय का?

बाळू

---

प्रेषक: भाऊ (ऑकलंड)

बाळू, सुबारूचं विसर. वापरलेली गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उतरवायची ती मुंबई बंदरातच, आणि वर ड्युटी. शिवाय आपल्याकडे सुबारू त्या नावाने कधी विकलीच गेली नाही. फॉरेस्टर तेवढी आली होती, तीही शेव्हर्लेचा बिल्ला लावून. एक सेन्सर गेला की कुरिअरची वाट बघत बस.

सेडिया निळी केलीय हे वाचून हसलो. निळ्या सुबारूतून रॅलीत मॅक्रे १९९५ ला, बर्न्स २००१ ला आणि सोल्बर्ग २००३ ला जगज्जेते झाले. मित्सुबिशीवाला मॅकिनेन. १९९६ ते १९९९, ओळीने चार वेळा, आणि त्या गाड्या लाल-पांढऱ्या. म्हणजे या पठ्ठ्याने मित्सुबिशीला शेजाऱ्याचे कपडे घातलेत.

स्टॉकच, म्हणजे कंपनीतून आली तशीच, घे असं माझं मत. २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस शोध, २३० पीएस (अश्वशक्ती), भारतात ५०० च आल्या होत्या. कागद स्वच्छ, एसी चालू, आईसुद्धा बसेल.

---

प्रेषक: अण्णा (रत्नागिरी)

चि. बाळू यास आशीर्वाद.

ती गाडी मला माहीत आहे. भाट्याच्या पुलावर असते तेव्हाच घरात कळतं की येतेय. दिसायला झकास आहे, मी कशाला खोटं बोलू. पण तुझ्या वडिलांच्या नावावर चढायची म्हणतोस, म्हणून कागदांचं सांगतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात आणि गाडीत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ हे कलम आलं: बेकायदा बदल केलेल्या गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात घे. ज्याने बदल केले तो तोवर पैसे मोजून मोकळा झालेला असेल.

आता आरसीवर काय काय छापलेलं असतं बघ. इंजिन नंबर, रंग, आसनक्षमता. या गाडीत तिन्ही बदललंय. मागचं सीट केजसाठी काढलंय ना? मग पाचाची गाडी दोनाची झाली. इंजिन बदलायला आरटीओची आगाऊ परवानगी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. ती नोंद आहे का, एवढं एकच त्याला विचार. बाकीची यादी नंतर वाचू.

आणखी एक. २००८ ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२३ ला भरली. पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर झाला असेल तर तपासणीला गाडी कुठल्या अवतारात नेली होती? आणि २०२८ ला परत न्यायची वेळ येईल तेव्हा नेणारे तुझे वडील असतील. विमा कंपनीलाही बदल कळवावे लागतात. न कळवता घेतलेला विमा क्लेमच्या वेळी हात वर करतो.

अण्णा

---

प्रेषक: ताई (चिपळूण)

अण्णांनी कागद सांगितले, मी लोखंडाचं सांगते. लग्नाआधी दक्षिणेतल्या रॅल्यांना मी नेव्हिगेटर म्हणून बसायचे, त्यामुळे सेडियाबद्दल मला ममत्व आहे. एक काळ असा होता की स्टार्टला रांगेने सेडियाच उभ्या असायच्या. गाडी मुळात चांगली: २ लिटरचं ४जी९४ इंजिन, ११५ अश्वशक्ती, मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, पत्रा दणकट.

पण बाळू, तू पाठवलेले फोटो रॅलीच्या गाडीचे नाहीत, रॅलीच्या गाडीच्या पोस्टरचे आहेत. खडी-मातीवर धावणारी गाडी उंच असते, तिच्या सस्पेन्शनला लांब हालचाल लागते, चाकं १५ इंची असतात आणि टायरची भिंत जाड, म्हणजे दगड बसला तरी रिम वाचते. खाली इंजिनाच्या पोटाला जाड सम्प गार्ड. इथे नेमकं उलटं केलंय: गाडी बसवलीय आणि १८ इंची रिमवर पट्टीसारखे टायर चढवलेत. ही डांबरावरची मांडणी झाली, तीही चांगल्या डांबरावरची. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर खरी ग्रॅव्हल-स्पेक, म्हणजे खडी-मातीसाठी बांधलेली, गाडी जास्त सुखाने जाईल, हे लोकांना पटत नाही.

केजचं गंभीरपणे घे. केज हेल्मेट घातलेल्या, पाच-सहा पट्ट्यांनी सीटला आवळलेल्या माणसासाठी असतो. साध्या बेल्टवर, उघड्या डोक्याने बसलास तर किरकोळ धडकेतही डोकं नळीवर आपटतं. आईला त्यात बसवू नकोस.

आता इंजिन. ४जी६३ उत्तमच, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वाटेल तो मार खातं. इव्होत कागदोपत्री २८० पीएस असलेलं हे इंजिन चारी चाकं फिरवायचं. सेडियात ते फक्त पुढच्या दोन चाकांवर आलं. गिअरबॉक्समध्ये एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारा डिफरन्शियल) बसवलाय का? नसेल तर ओल्या आंबा घाटात वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहील आणि स्टेअरिंग हातातून ओढलं जाईल. ब्रेक कुठले आहेत? यादीत विंग आहे, स्पॉयलर आहे, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आहे, ब्रेकचा उल्लेखच नाही. मला यादीपेक्षा यादीत नसलेलं जास्त बोलतं.

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्टँडअलोन (कंपनीचा नसलेला, वेगळा बसवलेला) असणार. मॅप, म्हणजे त्यातला इंधनाचा तक्ता, कधी आणि कुठल्या पेट्रोलवर केला ते विचार. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेल्या मॅपपेक्षा साधारण ७-८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. कंपनीची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून बरंचसं सावरून घेते. असा जुना मॅप पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) आकड्यांच्या तक्त्यावरच चालतो, त्याला काही कळत नाही. मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं), तापमान चढतं, नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टनची रिंगेजवळची कड तुटते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरं, पण त्या भरवशावर राहायचं नाही. जुने रबरी पाइप आणि सीलही त्याला सोसतील असं नाही.

गाडी बघायला जाशील तेव्हा पहिलं काम, बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर "थंड झाल्यावर येतो" म्हणून चहाला जा. थंड इंजिन चालू करताना मागे उभं राहून धूर बघ. मग चारही सिलिंडरची कंप्रेशन टेस्ट, म्हणजे आतला दाब मोजणं. एकमेकांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. त्यात शंका आली तर लीक-डाउन, म्हणजे दाब कुठून गळतो ती चाचणी.

आणि पत्रा. खरं मरण तिथे आहे. भाट्यासारख्या ठिकाणी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी राहिली की खारी हवा आधी ताज्या वेल्डिंगला धरते. केजचे पाय जिथे फ्लोअरला वेल्ड केलेत तिथलं मॅटिंग उचल. वरून रंग गुळगुळीत दिसेल, पण खालून पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोक. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत लांबी (पुट्टी) भरलीय. सिल, पुढच्या स्ट्रट टॉवरचे सांधे, मागची सबफ्रेम, ब्रेकचे लोखंडी पाइप, सगळीकडे टॉर्च मार. वायरिंगचे दोन-तीन कनेक्टर सोडवून बघ, तांब्यावर हिरवं चढलं असेल तर स्टँडअलोन ईसीयू तुला दर पावसाळ्यात रडवेल.

शेवटचं, आमच्या गावचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथे किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या काही धुऊन-पुसून फिरताहेत. पुढचा मूळ सीटबेल्ट शिल्लक असेल तर शेवटपर्यंत ओढून बघ. धुणारे वरचा हातभर पट्टा धुतात, रिळात गुंडाळलेल्या भागावर वाशिष्ठीच्या गाळाची रेघ तशीच असते.

---

प्रेषक: आबा (मालवण)

गाडी बघूक बरी हा. पण बाळू, पावसात ती खंय ठेवतलंस ता आधी सांग. मांगरात ठेवलंस तर उंदीर वायरी खातले, भायर ठेवलंस तर माड हत. एक नारळ पडलो की तुझो स्कूप गेलो.

---

प्रेषक: बाळू

आबा, पत्र्याची शेड आहे हो. माड लांब आहेत.

मालकाशी फोनवर बोललो. माणूस सरळ वाटला. इंजिनाची नोंद आरसीवर नाही, हे त्यानेच सांगितलं. मूळचं ४जी९४ इंजिन, मागचं सीट आणि जुनी १५ इंची चाकं घरात गुंडाळून ठेवलीत. नूतनीकरण २०२३ ला मूळ इंजिनावर झालं, बाकी सगळं त्यानंतरचं. एलएसडी नाही. ब्रेक मूळचे.

ताई, मग आता? भाऊंची व्हीआरएस सुचवल्याबद्दल आभार, पण घरापासून तिचा डीएसजी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स उघडणाऱ्यापर्यंत घाट चढून जावं लागेल.

---

प्रेषक: ताई

मूळ इंजिन त्याच्याकडे आहे, ही तू पाठवलेली सगळ्यात चांगली बातमी. मग भाव उलटा लाव. चांगल्या अवस्थेतल्या, मॉडिफाय न केलेल्या सेडियाला आज काय मिळतं ते धर. त्यातून इंजिन परत बसवण्याची मजुरी, केज कापून फ्लोअर नीट करणं आणि मूळ रंगावर आणणं वजा कर. निळाच ठेवायचा तर आरसीवर नोंद. नऊ लाखांची यादी त्याची हौस होती, तिचे पैसे तू का द्यायचे? ४जी६३ आणि टर्बो त्याने वेगळे विकावेत, गिऱ्हाईक लगेच मिळेल.

४जी९४ वर, १५ इंची चाकं, स्टॉकपेक्षा किंचित उंच सस्पेन्शन, सम्प गार्ड आणि चांगले ब्रेक पॅड. एवढ्यावर ती गाडी गुहागर-हेदवी रस्त्यावर तुला जो आनंद देईल तो त्या विंगने मिळणार नाही. आणि ५२ कलमाची धडधडही नाही.

फ्लोअर सडलेला निघाला तर मात्र फुकट दिली तरी घेऊ नकोस. इंजिन मिळतं, शेल (गाडीचा सांगाडा) मिळत नाही.

---

प्रेषक: अण्णा

ताईंशी सहमत. व्यवहार ठरला तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या गाडी मूळ अवस्थेत आल्यावरच करायच्या, पूर्ण पैसेही तेव्हाच.

आणि बाळू, घरी नेताना जयगड-तवसाळ फेरीबोटीने जायचा विचार असेल तर भरती बघून नीघ. ओहोटीला बोटीची फळी इतकी तिरकी पडते की गाडीचं नाक आधी टेकतं. परवाच एका पाहुण्यांची साधी सेडान अडकली, खलाशांनी लाकडी ठोकळे सरकवून वर घेतली. त्या इव्होच्या बंपरचा तर जेटीवरच निकाल लागेल. नाहीतर सरळ चिपळूणवरून जा, ताईंकडे जेवण होईल.

---

प्रेषक: ताई

जेवण होईल, पण कंप्रेशन टेस्टर माझ्याकडचा बिघडलाय. रत्नागिरीत कुणाकडे चांगला असेल तर अण्णांकडे आणून ठेवा. मी रविवारी सकाळी नऊला भाट्याला पोचते. मालकाला सांगून ठेव, इंजिन चालू करू नको म्हणावं.