सावळी त्वचा, रोजचं ऊन, तरी व्हिटॅमिन डी १४ कसं काय?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. माझा रंग चांगलाच सावळा आहे. रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात चालते, ऑफिसात खिडकीपाशी बसते, ऊन थेट हातावर येतं, तरी रिपोर्टमध्ये डी फक्त १४ आलं. शेजारची मैत्रीण गोरी आहे, दुपारच्या सुट्टीत जेमतेम वीस मिनिटं बाहेर असते आणि तिचं २९! माझ्यात काही बिघाड आहे का? कुणीतरी म्हणालं सावळ्यांना डी कमीच बनतं, ते ऐकून फार वाईट वाटलं, म्हणजे रंगच दोषी का? नीट समजावून सांगा प्लीज.

कवडसा
बिघाड वगैरे काही नसावा हो, आधी वेळ बघा. डी बनवायला उन्हातले यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात. ते कातडीतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाच्या पदार्थावर पडले की त्याचं आधी प्रीव्हिटॅमिन आणि मग अंगाच्या उबेने व्हिटॅमिन डी३ होतं. पुढे लिव्हर आणि किडनी त्याला कामाच्या रूपात आणतात. सूर्य खाली असला की किरण हवेतून तिरके, लांबून येतात आणि यूव्हीबी वाटेतच गळून जातं, म्हणून कोवळ्या उन्हात छान वाटलं तरी डी जवळपास बनत नाही. सोपी खूण म्हणजे सावली: तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनतंय, लांब असेल तर फारसं नाही. आणि खिडकीचं ऊन तर विसराच, काच यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण बरेचसे आत सोडते, म्हणजे कातडी रापते पण डी काही मिळत नाही.

मातीचारंग
रंगाचं मी सांगतो कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्यात साधारण सारख्याच असतात, फरक त्या किती आणि कोणतं मेलॅनिन म्हणजे रंगद्रव्य बनवतात त्यात आहे. गडद मेलॅनिन यूव्हीबी शोषून घेतं, त्यामुळे तेवढंच डी बनायला सावळ्या माणसाला जास्त वेळ ऊन लागतं, हे खरं. पण त्याला दोष कसं म्हणायचं? निना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० मध्ये मांडलं की कडक उन्हात रक्तातलं फोलेट हे बी गटातलं जीवनसत्त्व नष्ट होतं, फोलेट कमी पडलं तर पोटातल्या बाळाचा मणका नीट घडत नाही, म्हणून विषुववृत्ताजवळ गडद रंग टिकला आणि ऊन कमी तिथे डी मिळावं म्हणून रंग फिका होत गेला. मग आर्क्टिक भागातले इन्युइट लोक एवढ्या उत्तरेला राहूनही बरेच सावळे कसे? तर मासे आणि सीलच्या आहारातून त्यांना डी भरपूर मिळत आलं. म्हणजे रंग हा त्या त्या जागच्या उन्हाशी शरीराने बसवलेला मेळ आहे, लाज वाटावी असं त्यात काहीच नाही ताई.

सावकाश
एक कळकळीची विनंती, आकडा बघून मनानेच मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू करू नका. मी केल्या होत्या, महिनोन्महिने, कुणाला न विचारता, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, थकवा, शेवटी ॲडमिट. उन्हाने असं होत नाही कारण जास्त झालेलं प्रीव्हिटॅमिन कातडीतच निरुपयोगी पदार्थांत बदलून जातं, गोळीला तो ब्रेक नाही. १४ कमीच आहे, २० च्या वर असावं असं साधारण धरतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवा जरूर. पण नुसत्या आकड्यावरून हाडांचं सगळं कळत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं डी सरासरीने कमी असतं, तरी त्यांची हाडं जास्त घट्ट आणि फ्रॅक्चर कमी. व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी दिलं, तरी कॅन्सर किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण कमी झालं नाही.

पहाटवारा
खूप खूप आभार सगळ्यांचे, रंगाबद्दलचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मग सनस्क्रीन बंद करू का?

मातीचारंग
नको नको. थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात थांबा, जास्त वेळ असाल तर लावाच. कातडी लालसर किंवा चुरचुरेपर्यंत थांबण्यात काही फायदा नाही, डी त्याआधीच बनून झालेलं असतं. सावळ्यांना त्वचेचा कॅन्सर कमी होतो पण होतच नाही असं नाही, आणि तळपाय, तळहात, नखाखाली झाला तर उशिरा लक्षात येतो. अशा जागी होणाऱ्या कॅन्सरचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, म्हणून सनस्क्रीनने तो टळणारही नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या मेलॅनोमाने, म्हणजे त्वचेच्या अशाच एका कॅन्सरने. तिथे नवा काळा डाग दिसला तर लगेच दाखवा.

पहाटवारा
आज सावली मोजली! सकाळी सातला माझ्या चौपट लांब आणि दुपारी एकला गुडघ्याएवढी पण नाही. उद्यापासून मैत्रिणीबरोबर मी पण सुट्टीत बाहेर. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळालीये, गोळी घ्यायची की नाही ते त्यांनाच विचारते आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट केली की इथे आकडा टाकते.