मदत हवी आहे: कॅसेटवरच्या बैठकींना फेड-इन, फेड-आउट कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात आजोबांकडे गाण्याच्या बैठका व्हायच्या. त्या कॅसेटी आता ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उतरवून घेतोय. वेव्ह फाइली तयार आहेत, टेपची खरखरही बऱ्यापैकी कमी केली. घोडं अडलंय ते सुरुवात आणि शेवट यांपाशी.

सुरुवातीच्या तानपुऱ्याला ३ सेकंदांचं फेड-इन (आवाज हळूहळू वर आणणं) छान बसलं. पण शेवटचे ८ सेकंद निवडून फेड-आउट (आवाज हळूहळू उतरवणं) दिलं की बराच वेळ आवाज उतरतोय असं वाटतच नाही, आणि मग एकदम गडप होतो. असं का?

दुसरं, ९० मिनिटांच्या कॅसेटची बाजू ४५ मिनिटांनी संपते आणि द्रुत बंदिश मध्येच तुटते. दोन्ही बाजू क्रॉसफेडने (एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढवून) जोडल्या तर दोन तबलजी भांडताहेत असं ऐकू येतं.

तिसरं, एका कॅसेटच्या शेवटी टाळ्यांनंतर आजोबा "चहा आणा रे" म्हणतात आणि लगेच बटणाचा खट्ट आवाज. चहा ठेवायचाय, खट्ट नको. फेडला मध्ये जागाच नाही.

प्रतिसाद १
साधं फेड-आउट सरळ रेषेत उतरतं. निम्मं अंतर कापलं तरी पातळी जेमतेम ६ डेसिबलनेच खाली येते, कानाला ते फारसं जाणवत नाही. खरी घसरण शेवटच्या थोड्या भागात होते. इफेक्टमधलं 'स्टुडिओ फेड आउट' वापरा. आणि मूळ वेव्ह फाइलला हात लावू नका, फेड प्रतीवर द्या. एमपीथ्री सगळ्यात शेवटी.

प्रतिसाद २
बंदिशीवर क्रॉसफेड नकोच. कॅसेट उलटेपर्यंतचं गाणं गेलंच आहे, ते जुळवल्याचं सोंग कशाला? पहिली बाजू जमल्यास समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून दोनेक सेकंदांत उतरवा, सेकंदभर शांतता, मग दुसरी बाजू थोडक्या फेड-इनने. नुसता तानपुरा असेल तिथे क्रॉसफेड चालेल, पण दोन्हीकडचा षड्ज जुळतोय का ते आधी ऐका. टेपचा वेग जरा इकडेतिकडे झाला तरी सूर हलतो.

धागाकर्ता
स्टुडिओ फेड आउटने तानपुरा मस्त उतरला, आभार! समेचंही पटलं. चहाचं काय करू?

प्रतिसाद ३
त्याच बाजूला कुणी बोलत-गात नाही अशी दोन-तीन सेकंदांची जागा शोधा. दोन चिजांच्या मध्ये मिळेल. तिथे नुसती खोली असते: पंखा, खरखर, लांबची रिक्षा. तो तुकडा कॉपी करा, 'रे' पूर्ण संपल्यावर खट्ट कापा आणि तिथे चिकटवा. सांध्यावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, नाहीतर नवीन टिकटिक येईल. मग फेड-आउट फक्त या चिकटवलेल्या भागावर, आजोबांच्या शब्दांवर नाही. तुकडा मात्र खरखर कमी केलेल्याच फाइलमधून घ्या, मूळ फाइलमधला घेतलात तर सांधा लगेच कळेल.

धागाकर्ता
हे डोक्यातच आलं नव्हतं. पंख्याची घरघर भरपूर आहे. आज रात्री करून बघतो. फेड-इन सगळ्या फाइलींना एकदम देता येईल का?

प्रतिसाद १
मॅक्रोने (ठरवून ठेवलेल्या क्रिया अनेक फाइलींवर आपोआप चालवणारी ऑडॅसिटीतली सोय) येईल. पण शेवट एकेक कान देऊनच करा, प्रत्येक बैठक वेगळ्या ठिकाणी थांबलेली असणार.