आमची क्वाड सारखी डावीकडे कलते, दोष बोटीचा की आमचा?

कोथरूड_ते_थेम्स:
नमस्कार मंडळी, इथे रोइंग करणारं कुणी आहे का? असेल तर जरा मदत हवीय. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते, मुलगी कॉलेजला गेल्यावर इथल्या एका छोट्या क्लबात लर्न टू रो चा कोर्स केला आणि जी गोडी लागली ती लागलीच. आम्ही चौघी जणी आहोत, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, क्वाड वल्हवतो, म्हणजे प्रत्येकीला दोन वल्ही, आणि कॉक्स पुढे नाकाशी आडवी झोपून सुकाणू धरते. क्लब अगदी घरगुती आहे, पगारी माणूस एकही नाही, पंटूनच्या, म्हणजे बोटीत चढायच्या तरंगत्या धक्क्याच्या, फळ्या ठोकण्यापासून चहा करण्यापर्यंत सगळं सभासदच करतात आणि मला तर त्यामुळेच तिथे जास्त आपलेपणा वाटतो.

तर प्रश्न असा. आम्हाला दिलेली बोट जुनी आहे, फायबरची, आणि ती सारखी डावीकडे कलते. डावीकडे म्हणजे आम्ही बसतो तेव्हा आमच्या डाव्या हाताला, इथे बो साइड म्हणतात ती. नुसती डुलत नाही तर कललेलीच राहते. डावं वल्हं पाण्यातून बाहेर काढायला हात पार मांडीत दाबावा लागतो आणि उजवं पाण्यापर्यंत नीट पोचतच नाही, पाचेक किलोमीटर असं केल्यावर कंबर एका बाजूने भरून येते. आमचे कोच म्हणतात हातांची उंची सांभाळा, मान वळवू नका, बोट आपोआप सरळ राहील. क्लबातले एक सत्तरीचे आजोबा आहेत, आयुष्य नदीवर गेलंय त्यांचं, ते म्हणतात आधी पाना आणि टेप आणा, मग पोरींना बोल लावा. दोघांबद्दलही मला आदर आहे त्यामुळे कुणाचं ऐकावं कळत नाहीये. पुढच्या महिन्यात आमची पहिली हेड रेस आहे आणि अशा बोटीत ती मारायची म्हणजे जीवावर येतं. आणखी एक, बोटीची देखभाल आम्ही स्वतः कितपत करावी? बोटीला पाना लावायचं धाडस अजून कुणीच केलेलं नाही.

संगमकाठ:
ताई, मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा, आमचा बोट क्लब संगमाजवळ, १९२८ पासून तिथे रेगाटा होते त्यामुळे नावा, कयाक, पंट सगळ्यांशी कॉलेजभर संबंध आला. रेगाटाच्या दिवशी लोकांना मशाली आणि फॉर्मेशन्स दिसतात पण त्याआधीचे कित्येक आठवडे पोरं बोटी घासणं, ठिगळं लावणं, रंगवणं हेच करत असतात, आणि बोट कळते ती तिथेच. तेव्हा पाना हातात घ्यायला घाबरू नका, फक्त आधी कुणाला तरी शेजारी उभं करा.

कोच की आजोबा हे ठरवायला एक सोपी गोष्ट करा. तुमची बोट दुसऱ्या चौघींना द्या आणि तुम्ही त्यांच्या बोटीत बसा, एकाच दिवशी, एकाच पाण्यावर. कलणं बोटीबरोबर गेलं तर बोट, तुमच्याबरोबर आलं तर तुम्ही. शक्यतो तुमच्याहून अनुभवी चौघी बघा. बाकी फिन, म्हणजे तळाखालचं छोटं पातं, ते पण बघा, गवत अडकलंय का, वाकलीय का. आमच्याकडे जलपर्णीने इतका छळ केलाय की बोट बाहेर काढली की आधी तळावरून हात फिरवायची सवयच लागली.

गोदाकाठचा:
मला थोडं वेगळं वाटतं. नवीन क्रू असला की बोट कलतेच आणि लगेच बोटीवर ढकलू नये. एकीने जरी कॅचला, म्हणजे पातं पाण्यात टाकायला, जाताना डावा हात खाली दाबला ना तर सगळी बोट त्या बाजूला जाते आणि मग बाकीच्या तिघी सावरायला आणखी काहीतरी करतात आणि होतं ते सगळं बिघडतं. तुम्ही चौघी नुसत्या थांबून, वल्ही पाण्यावर सपाट ठेवून, डोळे मिटून बसून बघा. मग दोघींनी वल्हवायचं आणि दोघींनी वल्ही सपाट ठेवून बोट धरायची, जोड्या बदलत रहायचं. कुठली जोडी चालू झाली की कलते ते लगेच कळतं. कोच सांगतायत ते साधं वाटतं पण त्यात तथ्य आहे.

क्वाडमध्ये चौघांचं एक होणं हीच तर गंमत आहे. २०१८ च्या एशियन गेम्सला आपल्याला पुरुषांच्या क्वाडमध्ये गोल्ड मिळालं ना, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि आमच्या चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. हा माणूस सैन्यात गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि २०१६ ला रिओला सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. दुष्काळी भागातला मुलगा पाण्यावर नाव काढतो हे आमच्याकडे अजून लोक अभिमानाने सांगतात. सांगायचा मुद्दा हा की वय किंवा उशिरा सुरुवात हे मनातून काढून टाका.

चार्ल्सकाठी:
बॉस्टनहून लिहितोय, बरीच वर्षं मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्यांच्या वयोगटात, वल्हवतोय आणि क्लबच्या बोटींचं रिगिंग, म्हणजे वल्ही अडकवायची जोडणी, बघतो. गोदाकाठचा यांचं चूक नाही, पण आधी मोजा. मोजायला एक संध्याकाळ पुरते आणि माणसाला दोष देण्याआधी लोखंड तपासलेलं बरं.

स्कलिंगमध्ये, म्हणजे प्रत्येकाला दोन वल्ही असतात तेव्हा, वल्ह्यांच्या मुठी मधे एकमेकींवरून जातात, डावा हात वर आणि उजवा खाली. त्यासाठी डाव्या बाजूचा गेट, म्हणजे वल्हं अडकवतो ती कडी, उजवीपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर उंच ठेवतात, काही ठिकाणी दीड. हा फरक जास्त झाला तर बोट डावीकडेच बसणार, तुम्ही सांगताय अगदी तशी. का ते बघा. हात ज्या उंचीला सवयीने चालतात तिथेच चालतात आणि पातं पाण्यावर टेकलेलं असतं. त्यामुळे गेट बोटीवर जेवढा वर चढवलेला तेवढी ती बाजू खाली जाते. म्हणून बोट ज्या बाजूला कलते त्या बाजूचा गेट वर असण्याचा संशय आधी घ्यायचा, खाली असण्याचा नाही. बरेच जण इथेच उलटं करतात आणि कललेली बाजू उचलायची म्हणून तिकडचा गेट अजून वर घेतात.

मोजायचं कसं: बोट ट्रेसलवर, म्हणजे घोडीवर, ठेवा, दोन्ही काठांवर आडवी सरळ पट्टी टाका, तिच्यावर स्पिरिट लेव्हल, आणि बोट आडवी सपाट होईपर्यंत खाली कपड्याच्या घड्या सरकवा. हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं वाया. मग पट्टीपासून खाली सीटच्या सगळ्यात खोलगट जागेपर्यंत किती आणि पट्टीपासून वर गेटच्या खालच्या पट्टीपर्यंत किती, दोन्हीची बेरीज म्हणजे उंची. साधारण १५ ते १८ सेंटिमीटर येईल. चारही सीट, दोन्ही बाजू, आठ आकडे कागदावर लिहा. वाटलं तर गेट ज्यांवर फिरतात त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पिनांमधलं अंतर पण मोजून ठेवा, स्कलिंगला १५८ ते १६० सेंटिमीटरच्या आसपास असतं, पण कलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आणि हो, पुढच्या मागच्या बंद कप्प्यांची झाकणं उघडून आत पाणी साठलंय का ते बघा. जुन्या फायबरच्या बोटीत हे हमखास होतं.

कोथरूड_ते_थेम्स:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवारी दोन्ही केलं. आधी क्लबातल्या अनुभवी चौघींना आमची बोट दिली, त्या परत आल्या आणि पहिलं वाक्य हेच की ही डावीकडे पडतेय. कोच पण काठावर उभे होते, त्यांनी लगेच मान्य केलं आणि ट्रेसल आणायला स्वतः गेले, हे मला फार आवडलं. मग आजोबा, कोच आणि आम्ही चौघी, सगळ्यांनी मिळून मोजलं. एक आणि चार नंबरच्या सीटला फरक १ सेंटिमीटरच्या जवळपास आहे. दोन नंबरला ३, तीन नंबरला जवळजवळ साडेतीन! गेटखालचे वॉशर मात्र सगळीकडे सारखेच होते, म्हणजे कुणी मुद्दाम वर चढवलेले नाहीत. मागच्या कप्प्यात पाणी पण निघालं, मगभर असेल.

वॉशर सारखे आणि उंची वेगळी, हे कसं काय?

चार्ल्सकाठी:
रिगर, म्हणजे गेट धरणारे बोटीबाहेरचे दांडे, वाकलेत. तुमचं पंटून कुठल्या बाजूला येतं? नदीत नेहमी प्रवाहाच्या उलट तोंड करूनच किनाऱ्याला लागतात, म्हणजे दर वेळी बोटीची एकच बाजू पंटूनला लागते. तुमच्याकडे ती डावी असणार असं मी पैजेवर सांगतो. नवीन मंडळी जरा जोरात आत येतात, मधले रिगर पंटूनच्या कडेवर चढतात, वर बोटीचं आणि माणसांचं वजन, आणि अॅल्युमिनियमची नळी कणाकणाने वर उचलली जाते. एका दिवसात दिसत नाही. शिकाऊ बोटींचे मधले रिगर असेच जातात.

ते हाताने किंवा पाइप घालून परत खाली वाकवू नका, अॅल्युमिनियम एकदा वाकलं आणि परत सरळ केलं की तिथेच चिरतं आणि मग ऐन रेसमध्ये तुटतं. क्लबात त्याच मापाचे जुने रिगर पडलेले असतात, ते लावून बघा. नसतील तर तात्पुरतं गेटखालचे वॉशर काढून वर घाला म्हणजे गेट खाली येईल, पण त्याआधी पिनचा कोन तपासा कारण रिगर वाकला की पिन पण तिरकी होते. पातं पाण्यात ४ अंशांच्या आसपास झुकलेलं असायला हवं, फार फरक असेल तर वल्हं खोल पळतं नाहीतर वरून घसरतं. कोचकडे हा कोन मोजायचं पिच मीटर असेल.

आता देखभालीचं विचारलंत म्हणून. रोज बोट बाहेर काढली की साध्या पाण्याने धुवायची, आतूनही, कपड्याने पुसायची. सीटचे रूळ पुसायचे, त्यावर काळी घाण जमते ती निघाली की सीट पळते, तेल अजिबात नको, त्यावर वाळू चिकटते. रॅकवर ठेवताना कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची म्हणजे आत वाळतं, आणि पाण्यात जाताना आठवणीने बंद. नट घट्ट म्हणजे हाताला घट्ट लागला की थांबायचं, अंगाचा जोर लावला की आटे जातात. तळाला कुठे खरचटलं तर ओल्यावर काही लावू नका, वाळू द्या, तोवर चिकटपट्टी, मग जेलकोट, म्हणजे बोटीवरचा गुळगुळीत वरचा थर, आणि पाण्याच्या पॉलिशपेपरने बारीक घासणं. आतलं जाळीसारखं मटेरियल दिसायला लागलं असेल तर मात्र बोटी बनवणाऱ्याकडेच.

एका गोष्टीत हयगय नको. बुटांच्या टाचांना बांधलेल्या दोऱ्या. बोट उलटली तर टाच वर उचलताना ती दोरी बूट धरून ठेवते आणि पाय सुटतो. मी दर वेळी बसण्याआधी प्रत्येक टाच वर ओढून बघतो, दोरी सैल किंवा झिजलेली असेल तर तिथेच बदलतो. पुढच्या टोकाचा रबरी चेंडू पण हलतोय का ते बघा.

संगमकाठ:
वा, वाकलेले रिगर माझ्या डोक्यात आलेच नव्हते. ताई, पंटूनच्या कडेला जुने टायर नाहीतर जाड रबराची पट्टी ठोकून घ्या, आजोबा आनंदाने करतील.

गोदाकाठचा:
बरोबर, आकडे बघितल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. पण रिगर बदलल्यावर त्या जोड्यांच्या कवायती सोडू नका, इतके दिवस कललेल्या बोटीत बसून तुमच्या अंगाला ती सवय लागलीय, बोट सरळ झाली तरी पहिले काही दिवस तुम्हीच तिला डावीकडे ढकलाल.

रेसबद्दल: हेड रेसमध्ये एकेक बोट थोड्या थोड्या अंतराने सोडतात आणि घड्याळावर निकाल, शेजारी कुणी नसतं त्यामुळे पहिल्याला ते बरं. सुरुवातीला जोशात रेट, म्हणजे मिनिटाला किती वेळा वल्हं मारता तो वेग, वाढवू नका. सरासरी वय काढलंत का? मास्टर्समध्ये गट त्यावर ठरतो, ३६ पासून बी, ४३ पासून सी, ५० पासून डी, कॉक्सचं वय धरत नाहीत.

कोथरूड_ते_थेम्स:
पंटून डाव्या बाजूलाच येतं, अगदी बरोबर ओळखलंत! शेडच्या माळ्यावर त्याच मापाचे दोन रिगर मिळाले, पिन पण सरळ आहेत. काल लावले. बोट एकदम वेगळी वाटली, उजवं वल्हं पहिल्यांदा पाण्यात पूर्ण बुडालं, आणि गोदाकाठचा म्हणतायत तसंच झालं, अधूनमधून आम्हीच तिला डावीकडे ढकलत होतो. सरासरी वय ४६ येतंय, म्हणजे सी. नदीला पूर आला आणि लॉकवर लाल पाट्या लागल्या की सराव बंदच, मग एर्गवर, म्हणजे रोइंग मशीनवर, बसायचं, त्यामुळे पाणी मिळेल तेवढं घेतोय. रेसला बोट ट्रेलरवरून जाणार, म्हणजे रिगर परत काढावे लागणार. आता मोजून लावलेलं बिघडणार नाही ना?

चार्ल्सकाठी:
काढताना प्रत्येक रिगरवर रंगीत टेप लावून सीटचा नंबर आणि बाजू लिहा, त्याचे नट आणि वॉशर एका छोट्या पिशवीत घालून त्याच रिगरला बांधा. गेटखालच्या वॉशरना हात लावायचा नाही. १० आणि १३ चा पाना, दोनचार जादा नट, एक जादा गेट आणि टाचेची दोरी बरोबर ठेवा. तिथे जोडून झाल्यावर फक्त दोन आणि तीन नंबरची उंची परत मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि कॉक्सला वळणं आदल्या दिवशी नकाशावर दाखवून ठेवा. आमच्या हेड ऑफ द चार्ल्सला ३ मैलांत वीक्स पुलाच्या वळणावर चांगल्या चांगल्या क्रूंचे सेकंद जातात ते सुकाणू उशिरा फिरवल्यामुळे, आणि तुमची कॉक्स पुढे झोपलेली, तिला तुम्ही दिसत नाही, तेव्हा वळणाच्या वेळी कुठल्या बाजूने जोर हवा ते तिने आधीच ओरडून सांगायचं आणि स्ट्रोक सीटने, म्हणजे कॉक्सपासून सगळ्यात लांब बसलेलीने, उत्तर द्यायचं असं ठरवून घ्या.