कंबर दुखायला लागली की कॅन्सर परत आला काय हेच पहिलं डोक्यात येतंय, तुम्ही कसं काढता हे दिवस?

खानापूरची_आई
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, वय 54. 2022 ला डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग 15 दिवस करंट (रेडिएशन), आणि तेव्हापासून कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक लेट्रोझोलची गोळी चालू आहे. आजवरचे सगळे फॉलोअप चांगले आले. खरं आता 16 दिवस झाले कंबर दुखायलीय, खाली मधोमध. रोप लावणीला दोन दिवस मी पण बायकांबरोबर चिखलात वाकले होते, त्याचंच आसंल आसं एक मन म्हणतंय, आणि दुसरं मन म्हणतंय लावणी तर तू दरवर्षी करतेस, मग यंदाच का.

रात्री दोनला जाग येते ती येतेच. आंघोळीला गेले की हात आपोआप तिथंच जातोय, काखेत, मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर, परत परत चाचपते, चाचपून चाचपून तिथं दुखायला लागतंय आणि मग ते दुखणं नवीन म्हणून परत भीती. मोबाईलवर बघितलं तर हाडात गेलाय आसंच सगळीकडं दिसतंय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात कायतरीच विचार करतीस, झोप. सासूबाईंना सांगायची सोय नाही. लेकीचं बघायचं चाललंय, पाहुण्यांत कुठं कळलं की हिच्या आईला परत झालंय तर पोरीचं काय, म्हणून तोंड मिटून बसलेय.

पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. आधीच फोन केला तर डॉक्टर चिडतील काय? आणि परस्पर जाऊन पेट स्कॅन, म्हणजे अंगात कुठं कॅन्सर आहे काय बघायचा तो स्कॅन, करून घेतला तर चालतंय काय, म्हणजे एकदाचं कळलं तरी.

शहापूरची_आक्का
ताई, तुमचं वाचून मला माझे दुसऱ्या वर्षातले दिवस आठवले. मला आता सातवं वर्ष चालू आहे, मी पण लेट्रोझोलवरच होते. त्या गोळीनं सांधे दुखतात हे तुम्हाला कोणी सांगितलंय काय? भरपूर जणींना होतंय. सकाळी उठल्यावर बोटं वळत नव्हती माझी, भाकरी थापताना मनगट धरायचं, गुडघे धरायचे, आणि जरा हालचाल झाली की सुटायचं. हाडं पण ठिसूळ होतात त्या गोळीनं, म्हणून डॉक्टर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती मजबूत आहेत ते बघायचा स्कॅन, करायला सांगतात आणि कॅल्शियम, डी जीवनसत्त्व देतात. तुमचा डेक्सा कधी झालाय ते फाईलीत बघा.

माझ्या डॉक्टरांनी मला आसं समजावलं होतं की गोळीचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूला, सकाळी जास्त, चाललं की कमी होणारं आसतंय. एकाच जागी दुखणारं, पडून राहिलं तरी न थांबणारं, रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसागणिक वाढणारं आसंल तर ते दाखवायचंच. खरं हे घरात बसून ठरवायचं नाही ओ, तेवढ्यासाठीच डॉक्टर आहेत. कुठलंही नवीन दुखणं दोन आठवडे राहिलं की फोन करायचा आसं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. तुमचे 16 दिवस झाले, म्हणजे उद्या सकाळी फोन करा. तारखेची वाट बघत अंगावर काढू नका, आणि ते चिडत नाहीत, नवीन काय वाटलं तर तारखेआधी या आसं मला तर पहिल्याच फॉलोअपला सांगितलं होतं.

आणि एक, पाय लुळे पडल्यासारखे वाटले, मांडीच्या आतल्या बाजूला बधिर झालं, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला तर फोनबिन नाही, रात्र आसली तरी सरळ इमर्जन्सीला जायचं. घाबरवायला सांगत नाही, हे माहीत पाहिजे म्हणून सांगते.

पेट स्कॅनचं सांगते. मी केलाय तो वेडेपणा. काय होत नव्हतं, फक्त जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून परस्पर जाऊन केला. छातीत एक ठिपका निघाला. दोन महिने मी जेवले नाही नीट. शेवटी तो लहानपणच्या टीबीचा जुना डाग निघाला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की काही त्रास नसताना पेट आणि रक्तातले मार्कर (कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) उगीच करत बसायचे नाहीत, वर्षाला मॅमोग्राम (स्तनाचा एक्सरे) आणि त्यांनी हातानं तपासणं, तेवढं चुकवायचं नाही. तुम्हाला त्रास आहे, म्हणून तुम्हाला काय लागंल, साधा एक्सरे, बोन स्कॅन का एमआरआय, ते त्यांना ठरवू दे.

निपाणी_1968
आक्का बरोबर बोलल्यात. मी थोडं वेगळं सांगतो. माझा गालाचा कॅन्सर, तंबाखूचा, आमच्या निपाणीत हे काय नवीन नाही. ऑपरेशन आणि करंट झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच बाजूला जखम आली. मी भीतीनं अर्धा झालो, बायकोला पैशाचं कुठं काय आहे ते सगळं लिहून दिलं. दाखवलं तर दाताची धार लागून झालेली जखम. दात घासून गुळगुळीत केला, पंधरा दिवसांत बरी. (तोंडाला करंट घेतलेल्यांनी करंटच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, जबड्याचं हाड भरून येत नाही नंतर, हे जाताजाता सांगतो.)

परत वर्षानं तसंच झालं. तेव्हा मी म्हटलं मागच्या वेळी उगीच घाबरलो होतो, हे पण दाताचंच, आणि महिना घालवला. ते खरंच परत आलेलं होतं. परत ऑपरेशन झालं, आज दोन वर्षं झाली, जेवतो, बोलतो, दुकानात बसतो.

माझं एवढंच म्हणणं आहे ताई की दोन्ही वेळेला भीती अगदी सारखीच होती, तसूभर फरक नव्हता. म्हणून जास्त भीती वाटते म्हणजे झालंच असणार आसं पण नाही, आणि मागच्या वेळी काय निघालं नाही म्हणून आता पण नसणार आसं पण नाही. भीतीला त्यातलं काही कळत नाही, तपासल्यावरच कळतंय. तुम्ही जा.

अनगोळचा_दादा
मी पेशंट नाही, माझ्या बायकोला झाला होता. तुमचे मालक जे बोलतात तेच मी बोलत होतो, काय होत नाही, विचार करू नकोस. मला वाटायचं धीर देतोय. एकदा तिची वही हातात पडली, त्यात तारीख घालून कधी काय दुखलं ते सगळं लिहिलेलं, चार महिन्यांचं, आणि मला त्यातलं एक पण माहीत नव्हतं. मी बाहेर अंगणात जाऊन बसलो ओ. खरं सांगायचं तर मी पण घाबरलेलोच होतो, तिनं बोललं की माझी भीती वर येत होती म्हणून तिला गप्प करत होतो. तुमच्या मालकांना हे वाचून दाखवा पाहिजे तर.

आता आम्ही संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटं बसतो, तिनं जे वाटतंय ते बोलायचं, मी फक्त ऐकायचं. ती वही डॉक्टरांकडं घेऊन जातो, किती दिवस, कुठं, कशानं कमी होतंय, सगळं त्यात आसतंय, आत गेल्यावर विसरायला होत नाही. रात्री भीती लई वाटली तर 14416 ला फोन लावा, सरकारचं टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठी, फुकट आहे, मराठीत पण बोलतात. आणि भीतीनं झोप जाते हे पण डॉक्टरला सांगायचं, ते पण दुखणंच आहे.

खानापूरची_आई
सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. रडले पण. काल रात्री दादांचं लिहिलेलं ह्यांच्यापुढं धरलं, वाचून काय बोलले नाहीत, बराच वेळ मोबाईल हातातच धरून बसले, मग म्हणाले कधी जायचं. सकाळी फोन त्यांनीच लावला. मंगळवारी 11 ला बोलावलंय, फाईल आणि चालू गोळ्या घेऊन या म्हणाले. वहीत 16 दिवसांचं आठवून लिहायला घेतलंय. एक लिहिताना लक्षात आलं, लावणीच्या आदल्या दिवशी पण थोडं दुखत होतं. ते पण लिहिलं.

भीती आहेच. आज आंघोळीला एकदाच बघितलं.

शहापूरची_आक्का
चांगलं केलंत ताई. मंगळवारी मी मोकळीच आहे. दहाला बेळगावच्या स्टँडवर येऊन थांबते, खानापूरच्या गाड्या लागतात तिथं. मालक बरोबर आसले तरी येते. बाहेर बाकड्यावर बसायला एक बाईमाणूस आसलेलं बरं वाटतंय. डबा मी आणते, तुम्ही करत बसू नका.