मदत हवी आहे: हत्ती अभयारण्यातल्या तंबूत रात्रभर वीज असते का?

अवनी_नाशिक
नमस्कार. 4 तारखेला निघतोय. सहलीच्या शेवटी हत्तींच्या अभयारण्यात, तंबूंच्या कॅम्पात मुक्काम आहे. तंबूत रात्रभर वीज असते का, एवढंच हवंय. एजंट "सगळं असतं मॅडम" म्हणतो, कॅम्पला मेल केला तर उत्तर नाही. कोणी राहून आलं असेल तर कृपया लवकर सांगा.

भटकंतीवेडा
देश कुठला? केनिया, टांझानिया, बोट्स्वाना, झिंबाब्वे, हत्ती सगळीकडे आहेत.

अवनी_नाशिक
केनिया.

सुहासकाका
मसाई माराच्या कॅम्पात आम्ही राहिलो आहोत. रात्री जनरेटर बंद करतात आणि तेच बरं. अंधार झाल्यावर तंबूबाहेर एकट्यानं पडू नका, पहारेकरी न्यायला येतो. फळं, बिस्किटं तंबूत ठेवू नका, वासानं माकडं येतात, हत्तीही येतो. विजेचा हट्ट सोडा, रात्रीचे आवाज ऐका.

अवनी_नाशिक
काका, मारा नाही. म्वालुगांजे. मोंबासाच्या दक्षिणेला, शिंबा हिल्सजवळ.

मोंबासाकर
हे आधी सांगायला हवं होतं. मी नोकरीनिमित्त मोंबासात होतो, म्वालुगांजे माझं आवडतं ठिकाण. हत्ती शिंबा हिल्समधून ज्या वाटेनं ये-जा करतात तिथेच डिगो आणि दुरुमा लोकांची शेती होती. हत्ती उभं पीक खायचे, माणसंही दगावायची. शेवटी शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र करून 1995 मध्ये हे अभयारण्य उभं केलं. प्रवेश शुल्कातला वाटा त्यांना मिळतो, म्हणून तिथे मुक्काम करणं मला फार मोलाचं वाटतं. गोरखचिंचेची प्रचंड झाडं आहेत. हत्तीच्या शेणापासून कागद करतात, तो जरूर घ्या.
विजेचं म्हणाल तर तिकडे बऱ्याच कॅम्पात सोलर आणि ठरावीक तास जनरेटर. मेलची वाट बघू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावा. मोबाइल तर जेवणाच्या जागीही चार्ज होतो, मग रात्रभर कशाला हवी?

अवनी_नाशिक
मोबाइलसाठी नाही. बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं, विजेवरचं मशीन) लावल्याशिवाय ते झोपू शकत नाहीत.

भटकंतीवेडा
अहो, मग पहिल्या ओळीत हेच लिहायचं ना!

शरयू_डॉ
बाबांचं वय काय? यलो फीवरची लस झाली का?

अवनी_नाशिक
68. लस पुढच्या आठवड्यात घेणार होतो. त्याचा इथे काय संबंध?

शरयू_डॉ
फार मोठा संबंध आहे. ही लस टोचल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. त्याशिवाय केनियाहून परतलात तर इथे विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम क्वचित, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतात. म्हणून बाबांचे सगळे कागद घेऊन सरकारमान्य केंद्रातल्या डॉक्टरांशी उद्याच बोला. किनारपट्टीवर मलेरिया आहे, त्याच्या गोळ्याही तिथेच विचारा.

केपवाला
म्हणूनच मी दक्षिण आफ्रिका सुचवतो. अ‍ॅडो एलिफंट नॅशनल पार्क. 1931 मध्ये सुरू झालं तेव्हा जेमतेम 11 हत्ती उरले होते, आज 600 च्या वर आहेत. मलेरिया नाही, यलो फीवर नाही, राहायला वीज असलेल्या खोल्या. वयस्कर माणसांना घेऊन केनिया कशाला?

मोंबासाकर
त्यांची तिकिटं झाली आहेत. आणि केनियात वयस्कर माणसं राहत नाहीत का?

केपवाला
बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून सांगतोय. तारखा बदलता येतात.

लेन्सवेडी
हत्ती जवळून दिसतात, फोटोंसाठी 70-200 मिमीची लेन्स पुरते. 600 मिमीच्या लेन्सचं ओझं नेऊ नका.

सुहासकाका
अवनी, विजेचा हट्ट म्हणालो ते मागे घेतो. माझ्या भावाचंही सीपॅप आहे. तो बॅटरीवर चालवतो आणि पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवतो, सर्वात जास्त वीज तोच खातो. सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेतच न्यायची. 100 वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, 160 पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. तिथली पिन चौकोनी तीन पायांची असते, अ‍ॅडॉप्टर न्या.

मोंबासाकर
आणि थेपले-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत नेऊ नका. केनियात 2017 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे. डबे न्या.

अवनी_नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. कॅम्पशी फोनवर बोलणं झालं. जनरेटर संध्याकाळी 6 ते रात्री 11, नंतर फक्त सोलरचा दिवा, तंबूत सॉकेट चालू नसतं. बॅटरी त्यांच्याकडे दिवसभर चार्ज करून देतील. लसीसाठी उद्या सकाळी मुंबईला निघतोय. काका, भावाची बॅटरी कुठली आहे, आणि नाशकात किंवा पुण्यात भाड्यानं मिळेल का?

सुहासकाका
भावाला फोन लावतोय. मशीनचं मॉडेल कळवा, प्रत्येकाची पिन वेगळी असते.

केपवाला
डॉक्टर लसीला नाही म्हणाले तर अ‍ॅडोचा विचार करा. मी माहिती देईन.